ठिपक्याची बाजू

आपल्या स्वरलिपीत उंच सूर उंच दिसत नाही आणि खालचा सूर खाली दिसत नाही, ही तक्रार जुनी झाली. पण ती करणाऱ्यांचा उत्साह काही जुना होत नाही. त्यांचं म्हणणं असं : पाश्चात्त्य लिपीच्या पाच रेघांवर, म्हणजे स्टाफवर, सूर जितका चढा, तितका तो कागदावर वर चढतो, खर्जात उतरला की खाली येतो. संगीत न शिकलेलं मूलसुद्धा त्या रेघांकडे बघून चाल कुठे चढली, कुठे उतरली ते बोट ठेवून दाखवेल. आणि भातखंडे पद्धतीत? तार षड्ज, मध्य षड्ज, मंद्र षड्ज, तिघेही एकाच ओळीत, एकाच उंचीवर. फरक म्हणून एकाच्या डोक्यावर ठिपका, एकाच्या पायाशी ठिपका. एवढ्याशा ठिपक्यावर अख्ख्या सप्तकाचा भार टाकणारी लिपी अर्धवट आहे, तेव्हा ती मोडीत काढा आणि पहिल्या परीक्षेपासून पाच रेघा शिकवा, असा एकूण आग्रह.

या आग्रहात जो मुद्दा सगळ्यात पक्का म्हणून पुढे केला जातो, तोच सगळ्यात कच्चा आहे. पाच रेघांचं चित्र मधल्या पट्ट्यात सुरेख चालतं. सूर फार वर किंवा फार खाली गेला की ते चित्र उरत नाही, आणि मग स्टाफ जे करतो ते ठिपक्यापेक्षा वेगळं काही नसतं.

हिशेबच मांडू. पाच रेघा आणि त्यांच्यामधल्या चार फटी, मिळून नऊ सूर. सगळ्यात वरच्या रेघेला टेकलेला एक आणि सगळ्यात खालच्या रेघेला लोंबणारा एक धरले तर अकरा. यापलीकडच्या सुरासाठी छोटी जादा रेघ ओढायची, तिला लेजर लाइन म्हणतात. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी उजव्या टोकाचा सी ट्रेबल क्लेफ (उंच सुरांच्या स्टाफची आरंभखूण) लावून सरळ लिहायचा तर स्टाफच्या वर अशा नऊ रेघा लागतात. डाव्या टोकाचा ए बास क्लेफमध्ये लिहायचा तर खाली सहा रेघा, आणि सहावीच्या पोटाशी तो सूर. नवव्या रेघेवरचा तो सूर सी आहे की त्याच्याखालचा ए, हे कोणालाही बघून कळत नाही. ते मोजून कळतं. १८७१ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने घेवड्याचे दाणे डब्यात टाकून एका नजरेत किती ओळखता येतात ते स्वतःवर तपासून पाहिलं होतं. तीन आणि चार दाण्यांना तो कधी चुकला नाही. पाचाला चुका सुरू झाल्या. म्हणजे चारपर्यंत डोळा बघतो, पुढे मोजू लागतो. स्टाफचा सगळा अभिमान बघण्यावर उभा आहे.

मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधली रात्रीची राणी १७९१ पासून गायिकांचा घाम काढते आहे. तिचा टिपेचा एफ तीन लेजर रेघांच्या डोक्यावर बसतो. तो दिसतो, वाचता येतो, तक्रार नाही. माणसाच्या गळ्याची जवळजवळ शेवटची मर्यादा स्टाफला तीन जादा रेघांत गाठता आली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण वाद्यं गळ्याची मर्यादा पाळत नाहीत. तिथे स्टाफ लिहिणारे काय करतात? सूर एक सप्तक खाली, सोयीच्या रेघांवर लिहितात, वर ‘८’चा आकडा घालतात आणि त्यापुढे तुटक रेघ ओढतात. अर्थ असा, की दिसतंय त्याच्या एक सप्तक वर वाजवा. दोन सप्तकं वर हवं असेल तर ‘१५’. खर्जासाठी हीच खूण खाली. म्हणजे कागदावर सूर एका उंचीवर आहे, कानाला दुसऱ्या उंचीवर येतो, आणि फरक सांगायला शेजारी एक छोटीशी खूण आहे. ज्या युक्तीसाठी भातखंड्यांची लिपी अर्धवट ठरते, तीच युक्ती इथे शास्त्रशुद्ध!

बरं, हे पियानोपुरतंच नाही. ऑर्केस्ट्रातला डबल बास जे लिहिलेलं असतं त्याच्या एक सप्तक खाली वाजतो. पिकोलो एक सप्तक वर. गिटार एक सप्तक खाली. ग्लॉकेनश्पील दोन सप्तकं वर. खऱ्या उंचीवर लिहिलं तर कागद लेजर रेघांनी काळा होईल, म्हणून अख्ख्या वाद्यालाच कायमचा ठिपका देऊन टाकला आहे. फक्त तो छापत नाहीत, वादकाने तो गृहीत धरायचा असतो. टेनर गायकाचा ट्रेबल क्लेफ पाहा : क्लेफच्या शेपटीला बारीकसा ८ लोंबतो. पायाशी ठिपका दिलेला मंद्र षड्ज आणि हा शेपटीतला आठ यांत तत्त्वाचा फरक कोणी मला दाखवावा.

यावर उत्तर येतं की फ्लूटवाले आणि व्हायोलिनवाले चार-पाच लेजर रेघा सहज वाचतात, उलट त्यांना ती तुटक रेघच नकोशी होते. खरं आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्या आकृतीशी बोटं जोडली गेलेली असतात, मोजण्याची गरज उरत नाही. पण मग मुद्दा चित्राचा राहिला नाही, सवयीचा झाला. सवयीच्या न्यायालयात ठिपकाही तितक्याच हक्काने उभा राहू शकतो.

आता स्टाफ काय दाखवत नाही ते बघू, कारण त्याबद्दल सहसा बोललं जात नाही. सप्तकात सूर सात, म्हणजे विषम. त्यामुळे स्टाफवर जो सूर रेघेवर असतो, त्याचा वरच्या सप्तकातला सूर फटीत पडतो. त्याच्या वरचा पुन्हा रेघेवर. मधला सी एका लेजर रेघेवर, त्याच्या वरचा तिसऱ्या फटीत, त्याच्याही वरचा दुसऱ्या लेजर रेघेवर. तीन सी, तीन चेहरे. कानाला मात्र ते तिन्ही एकच सूर वाटतात. बाई आणि पुरुष एकच आरती म्हणतात तेव्हा आपण एकाच सुरात म्हणतोय असंच त्यांना वाटतं, मध्ये एक सप्तकाचं अंतर असलं तरी. चाळीत सात नंबरची खोली प्रत्येक मजल्यावर असते. पत्ता सांगताना खोली आणि मजला वेगळे सांगितले की भागतं. ठिपक्याची लिपी तेच करते : अक्षर खोली सांगतं, ठिपका मजला. स्टाफ सगळ्या इमारतीला एकच सलग आकडेवारी देतो आणि मग वरच्या मजल्यावरची सात नंबरची खोली तळमजल्यावरच्या सातची सख्खी जोडीदार आहे, हे तुम्हाला पाठ करावं लागतं.

या बाजूने मी बोलतोय म्हणून समोरच्याचा खरा मुद्दा झाकून ठेवणार नाही. तो मुद्दा फार मोठ्या माणसाने, फार पूर्वी मांडला आहे. १७४२ मध्ये ज्याँ-जाक रूसो पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक नवी स्वरलिपी घेऊन गेला. रेघा नाहीत, स्वरांना १ ते ७ आकडे. अकादमीच्या पंडितांनी हरकती घेतल्या, पण रूसोला त्यातली एकही पटली नाही. पटली ती संगीतकार रामोची. रामो म्हणाला, तुमच्या खुणांचा प्रत्येक अर्थ डोक्याने लावावा लागतो आणि वाजवण्याच्या वेगाला डोकं पुरत नाही. आमच्या सुरांची जागा डोळ्यापुढे रेखलेली असते. रूसोने आत्मचरित्रात कबूल केलं आहे की या आक्षेपाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. (गंमत म्हणजे हाच रूसो पुढे पोटासाठी संगीताच्या प्रती उतरवून देण्याचं काम करत राहिला. अर्थात पाच रेघांवर.)

रामोचं म्हणणं मी नाकारत नाही. कधी न पाहिलेलं पान समोर ठेवून साठ माणसांनी एकदम वाजवायचं असेल, वेग जोरात असेल आणि एकाच वेळी चार स्वरावली चाललेल्या असतील, तर पाच रेघांना तोड नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ त्या रेघांवर उभा होता. गोव्याच्या चर्चशाळांतून सोल्फेज गिरवून आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे वादक-संयोजक होते म्हणून व्हायोलिनांचे ताफे एका सकाळीत गाणं उचलू शकत होते. त्याच स्टुडिओत काचेपलीकडे गायकाच्या हातात मात्र शब्दांचा कागद असे, अनेकदा देवनागरीत. दोन लिप्या एका छपराखाली राहत होत्या आणि कोणी कोणाला हाकलत नव्हतं.

पण रामोचा युक्तिवाद ख्यालाच्या बंदिशीला लावणं म्हणजे प्रश्नच न समजणं. बंदिश कोणी पहिल्या नजरेत वाचून मैफलीत गात नाही. ती गळ्यावर चढवतात, कागद बाजूला पडतो. कागदाचं काम आठवण धरून ठेवण्याचं. डोळ्याच्या वेगाचा प्रश्न तिथे येतोच कुठे? आणि जिथे समूहाने कागदावरून गायचं असतं तिथेही रेघांशिवाय अडतं असं नाही. चीनमध्ये आकड्यांची लिपी चालते, वरच्या सप्तकाला आकड्यावर ठिपका, खालच्याला आकड्याखाली. तिच्यावरून वृंद गातात. मिझोराममध्ये चर्चमधल्या गायकवृंदांनी टॉनिक सोल-फावर, म्हणजे अक्षरांवर आणि अक्षरांशेजारच्या सप्तकाच्या खुणांवर, चार आवाजांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या वाचली आहेत. रामोला हे कळलं असतं तर तो काय म्हणाला असता कोण जाणे.

शिवाय आमच्याकडे षड्ज बांधलेला नाही. काळी एकला गाणारा गवई घ्या. त्याच्या मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंतचा प्रदेश म्हणजे ख्यालगायकाचा रोजचाच वावर. त्याच्या खऱ्या उंचीवर ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलं, तर मंद्र पंचम खालच्या सहाव्या लेजर रेघेवर जाऊन पडतो. बास क्लेफ घेतला तर खर्ज छान बसतो, पण तार पंचम वर तीन रेघा चढतो. तीच बंदिश काळी पाचला गाणारी बाई गाणार. तिच्यासाठी सगळे सूर दुसऱ्या रेघांवर, शार्प-फ्लॅटचा पसारा वेगळा. एका बंदिशीचे जितके गाणारे तितके कागद. भातखंडे पद्धतीत कागद एकच, आणि तो दोघांनाही जसाच्या तसा लागू.

इथे स्टाफवाले एक चतुर तोडगा काढतात : सगळ्यांसाठी षड्ज म्हणजे मधला सी धरा. मग मंद्र पंचम दोन लेजर रेघांच्या खाली, तार पंचम स्टाफच्या डोक्याला टेकलेला. तीन सप्तकांचा बहुतेक मजकूर नेटका मावतो. मावतो, कबूल. पण मग रेघ खरी उंची दाखवते हा दावा तुम्हीच सोडला. काळी एकचा गवई जो सूर लावतोय तो त्या रेघेवर नाहीच. उरलं काय, तर आमचीच सरगम, फक्त अक्षरांऐवजी रेघांवर काढलेली. त्यासाठी सातवीतल्या मुलाला क्लेफ, की सिग्नेचर आणि लेजर रेघा शिकवायच्या हा सौदा मला तरी महाग वाटतो.

आणि हा वाद आज उगवलेला नाही. १८७४ मध्ये बंगालमधले शाळा-निरीक्षक चार्ल्स बॅरन क्लार्क यांनी (हे गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून जास्त प्रसिद्ध) ‘कलकत्ता रिव्ह्यू’मध्ये देशी स्वरलिपीवर टीका करून स्टाफचा कैवार घेतला होता. सौरींद्रमोहन टागोरांनी त्याच वर्षी त्यांना उत्तर दिलं. पुढे कृष्णधन बंद्योपाध्याय यांच्यासारखा बंगाली जाणकारही स्टाफच्याच बाजूने उभा राहिला, तेव्हा हा वाद गोरे विरुद्ध काळे असा कधीच नव्हता. दीडशे वर्षं झाली. या काळात स्टाफ कोणी बंद केला नव्हता, छापखाने होते, शिकवणारे होते. तरी बंदिशी टिपणाऱ्यांनी अक्षर आणि खूण हाच मार्ग धरला, तो अडाणीपणाने नव्हे.

इथवर वाचून जे परंपरावाले माना डोलावू लागले असतील, त्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. ‘आपली लिपी परिपूर्ण’ असं म्हणणाऱ्यांनी आपली म्हणजे कुठली ते आधी सांगावं. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात मंद्र सुराच्या डोक्यावर बिंदू आहे आणि तार सुराच्या डोक्यावर उभी रेघ. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तीच खूण ठेवली : मंद्राला वर बिंदू, ताराला उभी रेघ. भातखंड्यांनी मात्र मंद्राचा ठिपका खाली नेला आणि वरचा ठिपका ताराला दिला. म्हणजे डोक्यावर ठिपका असलेला षड्ज भातखंड्यांच्या पुस्तकात टिपेचा आणि पलुसकरांच्या पुस्तकात खर्जाचा! दोन सप्तकांचं अंतर, खूण एकच. मध्यमावरची उभी रेघ तर त्याहून खट्याळ : एकीकडे तो मध्य सप्तकातला तीव्र मध्यम, दुसरीकडे तार सप्तकातला शुद्ध. बंगालमध्ये आकारमात्रिक लिपीत आणखी तिसरीच तऱ्हा, तार सुराला रफार आणि मंद्राला हलन्ताची खूण. रवींद्रसंगीत त्याच लिपीत छापलं जातं.

भातखंड्यांनी केलेला बदल मला योग्य वाटतो. वरचा सूर वर, खालचा सूर खाली, ही डोळ्याची साधी अपेक्षा त्यांनी रत्नाकराचा मान बाजूला ठेवून पुरी केली. चित्र नाही म्हणून त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की चित्राची जाणीव असल्यामुळेच त्यांनी ठिपक्याची जागा बदलली. पण आजही गांधर्व परीक्षांना बसणाऱ्या मुलाला दोन्ही पद्धती पाठ कराव्या लागतात, आणि जुनी पुस्तकं उघडली की कुठल्या घराची खूण आहे ते आधी ताडावं लागतं. स्टाफशी भांडण्याआधी हे घरातलं भांडण मिटायला हवं होतं. बहुतेक नवी पुस्तकं भातखंडे पद्धतीची आहेत. पलुसकर पद्धत इतिहासाच्या पेपरात ठेवून सरावातून काढली, तर पलुसकरांच्या कार्याला कणभरही उणेपणा येत नाही.

ठिपक्याचा दुसरा दोष त्याच्या आकाराचा. तो इतका बारीक की छपाईत सहज उडतो, आणि उडाला की काय होतं ते यमनच्या पहिल्याच धड्यात दिसतं. मंद्र निषादावरून ऋषभ आणि तिथून गंधार ही यमनची सुरुवातीची पावलं : ऩि रे ग. खालचा ठिपका गेला की उरतं नि रे ग. आता तो मध्य निषाद झाला, तिथून ऋषभावर यायचं म्हणजे पाच पायऱ्यांची खाली उडी. शिकणारा जर मास्तरांशिवाय बसला असेल तर राग जागच्या जागी संपला. पुरिया, मारवा यांत तर षड्ज टाळून निषाद-ऋषभाचाच खेळ. तिथे एक ठिपका गळणं म्हणजे वाक्यातला कर्ता गळणं. स्टाफवर लेजर रेघ अर्धवट छापली गेली तर निदान संशय तरी येतो. ठिपका गेल्याचा संशयही येत नाही. हा आरोप मी बिनशर्त मान्य करतो.

संगणकाने तर गोंधळ वाढवला आहे. देवनागरी कळफलकावर स्वरलिपीचे ठिपके म्हणून काही नाही. मग तार सुराला लोक अनुस्वार देतात, मंद्राला नुक्ता. सां, गं, ध़, ऩि. मराठीत नुक्ता चालत नाही, म्हणून एखादा कर्तव्यदक्ष मुद्रितशोधक तो हिंदीची घाण समजून काढूनही टाकेल. अति-तारासाठी डोक्यावर दोन ठिपके द्यायचे तर कळच सापडत नाही, आणि सतार, सरोद, बीन यांना अति-मंद्राची खूण लागतेच. खर्जाच्या तारा काय शोभेला बांधलेल्या असतात? मोबाइलवर तर जो तो आपापली खूण काढतो, कोणी अक्षराआधी टिंब देतो, कोणी अक्षरानंतर. बघणाऱ्याने अंदाज बांधायचा.

पण यातला एकही दोष लिपीच्या तत्त्वाचा नाही. सगळे छपाईचे आणि शिस्तीचे आहेत, आणि दुरुस्त होण्याजोगे आहेत. ठिपका अक्षराच्या रेघेइतका जाड छापावा. बंदिशीच्या माथ्यावर कोणती खूण कोणत्या सप्तकाची ते एका ओळीत लिहावं. खऱ्या उंचीची गरज असेल तिथे, म्हणजे एखाद्या ध्वनिमुद्रणावरून टिपलेली बंदिश असेल तर, ‘षड्ज : काळी एक’ एवढं नमूद करावं, ज्या खऱ्या उंचीसाठी स्टाफ एवढा खटाटोप करतो ती दोन शब्दांत येते. अंतरा तार षड्जाला भिडतो तिथे सप्तक बदलल्याची सूचना समासात द्यावी, म्हणजे एखादा ठिपका गळालाच तर वाचणारा सावध होईल. फॉण्ट करणाऱ्यांनी स्वरलिपीसाठी वेगळे ठिपके द्यावेत, अनुस्वार-नुक्त्याची उसनवारी थांबवावी. आणि प्रकाशकांनी एवढं करावं की शुद्धलेखन तपासणारा आणि ठिपके तपासणारा हे दोन वेगळे लोक ठेवावेत, आणि दुसऱ्याला मुद्रित हातात घेऊन ते गाऊन बघण्याची सक्ती करावी.